पूर ओसरला, पॅकेज जाहीर झालं. आता गावात कुणी कुणाशी बोलायचं?

सीनाकाठचा | ९ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमची सोलापूरकडची सीना नदी घरात आली. भिंतीवर अजून रेघ आहे, कॅलेंडरच्या खिळ्याच्या वर चार बोटं. दिवाळीला रंग द्यायचा म्हटलं तर बायको म्हणाली, राहू द्या, पंचनाम्याला दाखवायला लागंल. पंचनामा होऊन महिना झाला. रेघ तशीच.

ज्या सीनेत उजनीचं पाणी सोडा म्हणून आम्ही उन्हाळाभर निवेदनं देत फिरायचो, बोगद्यातून पाणी आलं की नारळ फोडायचो, तीच ही नदी. आमच्या आज्ज्याच्या तोंडी दुष्काळाच्या सतराशे साठ गोष्टी होत्या, पुराची एकही नव्हती. त्यामुळं पूर गेल्यावर काय करायचं असतं हे गावात कुणालाच ठाऊक नाही. म्हणून हा धागा. इथं कोल्हापूर-सांगलीचे, चिपळूणचे लोक आहेत. तुम्ही यातून दोन-दोनदा गेलाय.

पॅकेजचं सगळ्यांनी वाचलं असेलच. ७ ऑक्टोबरला मुख्यमंत्र्यांनी ३१,६२८ कोटींचं जाहीर केलं. २९ जिल्हे, २५३ तालुके. मदतीची मर्यादा २ वरून ३ हेक्टर. रब्बीच्या बियाण्याला हेक्टरी १० हजार. गाळानं बुजलेल्या विहिरीला ३० हजार. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि ३ लाखांपर्यंत रोजगार हमीतून. आकडे लहान नाहीत, उगाच नावं ठेवायची नाहीत मला. माझी अडचण वेगळी आहे.

नदीकडंचं माझं सव्वा एकर रान. दोन-अडीच फूट काळी माती होती. आता मुरूम उघडा पडलाय आणि त्यातून ठिबकच्या नळ्या आतड्यासारख्या वर आल्यात. ती माती गेली कुठं? लांब नाही. खालच्या बाजूला आमच्या भावकीतल्या अण्णांचं रान आहे, तिथं वीतभर बसलीये. अण्णा म्हणतात, तुझी माती तू घेऊन जा बाबा, मला हरभरा पेरायचाय. मी म्हणतो, नेतो की. पण माझी जमीन ‘खरडलेली’, त्यांची ‘गाळ साचलेली’, दोन्हीची यादी वेगळी. माती हलवायची तर रोजगार हमीचा आराखडा वेगळा. वरच्या कोल्हापुरी बंधाऱ्याचा आमच्या बाजूचा भराव फुटून नदीनं तिथनंच वाट काढलीये, ते काम तिसऱ्याच खात्याचं. रस्त्याची मोरी वाहून गेली, त्यामुळं पोकलेन रानापर्यंत येत नाही, मोरी चौथ्याची. प्रत्येक जण म्हणतो, आमचं काम आम्ही करतोय. खोटं पण नाही ते. पण कुठलं आधी आणि कुठलं नंतर हे कोण ठरवणार?

राज्याच्या पातळीवर समन्वय समिती वगैरे असेल. गावात ती कुठं उतरते?

---

पंचगंगेकाठी | ९ नोव्हेंबर, रात्री १०:१५

दादा, वाचून पोटात कालवलं. शिरोळ तालुका आपला. २०१९ ला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी साडेपंचावन्न फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ ओलांडलं. तिथं धोक्याची पातळी ४३ आहे, म्हणजे हिशेब करा. दोन्ही वेळा घर सोडलं, दोन्ही वेळा म्हशी सोडून न्यायला लागल्या.

एक सांगतो. पहिल्या पंधरा दिवसांत जी मदत येते ती रस्त्यावरच्या गावांना येते. २०१९ ला आमच्या गावात ब्लँकेटच्या तीन गाड्या उतरल्या आणि नदीपल्याडच्या गावात एक बी नाही. जुन्या कपड्यांचा तर ढीग झाला शाळंच्या मैदानात, शेवटी ग्रामपंचायतीनं जेसीबीनं खड्डा काढून पुरला. खोटं वाटंल, पण डोळ्यांनी बघितलंय.

त्यावर आमच्याकडं एक गोष्ट झाली, ती तुमच्या उपयोगाची. २०२१ ला पाणी उतरल्यावर गल्लीतल्या पोरांनी दोनशे पानी वही घातली. एका घराला एक पान. घर क्रमांक, माणसं, जनावरं, काय भिजलं, कुठली कागदं गेली, कुणाचा पंचनामा झाला, कुणाच्या खात्यावर किती आलं. तलाठी आला तरी तीच वही, वीजवाले आले तरी तीच, संस्थावाले आले तरी तीच. सरकारची यादी सरकारकडं, आमची आमच्याकडं. दोन्ही ताडून बघितल्या तेव्हा ११ घरं सरकारी यादीत सुटलेली सापडली.

समन्वय म्हणजे ती वही, दुसरं काय नाही.

---

निवृत्त_अव्वल_कारकून | ९ नोव्हेंबर, रात्री ११:०२

महसुलात ३१ वर्षे काढली. थोडे कोरडे लिहितो, पण उपयोगी पडेल.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्याप्रमाणे राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री, जिल्हा प्राधिकरणाचे जिल्हाधिकारी. जिल्ह्यापर्यंत साखळी स्पष्ट आहे. त्याखाली तहसीलदारांपर्यंत ती ओढूनताणून पोचते. गावात मात्र तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघे तीन खात्यांचे, तिघांचे वरिष्ठ वेगळे. पदनामे आता बदलली आहेत, ग्राम महसूल अधिकारी वगैरे. लोक जुन्याच नावांनी ओळखतात.

पैसा कुठून येतो तेही समजून घ्या. पहिला हप्ता राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचा. त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५. त्याचे दर केंद्राने ठरवलेले असतात: कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिकाला २२,५००. दुभत्या जनावराला ३७,५००. त्यावर राज्य जे देते ती भर. म्हणून याद्या वेगळ्या, शासन निर्णय वेगळे आणि रकमा तुकड्यातुकड्याने येतात. लोकांना वाटते मधल्यामध्ये कुणी खाल्ले. नेहमी तसे नसते.

आता सीनाकाठच्यांच्या मातीचा प्रश्न. घाई करून माती हलवू नका. निकषात दोन स्वतंत्र बाबी आहेत. शेतात तीन इंचांपेक्षा जास्त गाळ किंवा वाळू साचली तर ती काढायला हेक्टरी १८ हजार. जमीन खरडून किंवा नदीने पात्र बदलून वाहून गेली तर ४७ हजार. अण्णांचे रान पहिल्या बाबीत, तुमचे दुसऱ्या. पंचनाम्यात जर दोघांचेही नुसते ‘पीक नुकसान’ असे लिहिले असेल (घाईत ९० टक्के वेळा तसेच लिहितात, मी स्वतःही लिहिलेले आहे) तर दोघेही जमिनीच्या यादीत येणार नाहीत. आधी पंचनाम्याची प्रत मागा. गट क्रमांकासमोर शेरा काय आहे ते बघा. माती एकदा उचलली की इंच मोजायला काही राहत नाही.

---

सीनाकाठचा | १० नोव्हेंबर, सकाळी ७:२०

अव्वल कारकून साहेब, पाया पडतो. अण्णांनी काल संध्याकाळीच ट्रॅक्टर ठरवला होता. आत्ता जाऊन थांबवला. अण्णा तापलेत. म्हणाले, तुझ्या फोनवरच्या माणसांच्या नादानं माझा हरभरा लांबणार.

त्यांचं पण बरोबर आहे. नोव्हेंबर निम्मा गेला की हरभऱ्यात राम राहत नाही.

---

कोयनेचं_पाणी | १० नोव्हेंबर, सकाळी १०:४४

मुळात या सगळ्याचं कारण कृष्णेवरचं अलमट्टी धरण आहे. जोपर्यंत कर्नाटक धरणाची उंची कमी करत नाही तोपर्यंत वह्या घाला नाहीतर पाट्या लावा, दरवर्षी हेच.

---

पंचगंगेकाठी | १० नोव्हेंबर, सकाळी ११:०५

भावा, नकाशा बघ की एकदा. सीना जाते भीमेला, कुडल संगमावर. भीमा कृष्णेला मिळते ती अलमट्टीच्या खूप खाली, रायचूरकडं. सोलापूरच्या पुराचा आणि अलमट्टीचा संबंध लावायला पाणी उलटं चढायला पाहिजे. आमच्याकडचा वाद वेगळा, त्यावर सरकारच्या पूर अभ्यासाच्या वडनेरे समितीनं २०२० ला अहवाल दिलाय, तो बी सगळ्यांना पटलेला नाही. पण त्यासाठी दुसरा धागा काढ. हितं मातीचं चाललंय.

---

गोवळकोटची | १० नोव्हेंबर, दुपारी २:३०

चिपळूणहून. २२ जुलै २०२१ ची पहाट, आमचं दुकान बाजारपेठेत, पोटमाळ्यापर्यंत वाशिष्ठी. सासरे आणि मी वरच्या मजल्यावरून बघत होतो, फ्रीज तरंगत गेला.

कोणीतरी ‘कुठलं आधी’ विचारलंय म्हणून सांगते. आमच्याकडे पाणी उतरल्यावर सर्वात मोठा प्रश्न चिखलाचा होता. प्रत्येक दुकानदार आपला चिखल आणि भिजलेला माल रस्त्यावर काढत होता. तो उचलणारं कुणी नाही, त्यामुळे रस्ता बंद, त्यामुळे टँकर आत येत नाही, त्यामुळे धुवायला पाणी नाही. तीन दिवस असेच गेले. मग ठाणे, नवी मुंबईहून पालिकांची पथकं आली, डंपर आले, आणि मुख्य म्हणजे कुणीतरी बाजारपेठ गल्लीवार वाटून दिली: आज ही बाजू काढा, उद्या ती. त्या एका वाटणीने जे झालं ते शंभर स्वयंसेवकांनी झालं नव्हतं. एरवी आम्ही कोकणातले लोक सांगितलेलं ऐकत नाही, पण त्या आठवड्यात ऐकलं.

पैशाचं म्हणाल तर त्या वर्षी सरकारने ११,५०० कोटी जाहीर केले, दुकानदाराला ५० हजारांपर्यंत, टपरीला १० हजार. आमचा माल गेला त्याच्या कितीतरी पट. विम्याचे कागद दुकानातच होते, ते दुकानाबरोबर भिजले. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, पण सर्वेअर आला तो भिजलेली बिलं बघून ‘वाचता येत नाहीत’ म्हणाला. मी म्हटलं, मलाही येत नाहीत, म्हणून तर तुम्हाला बोलावलंय.

आणि हो, वाशिष्ठीचा गाळ. तो निघावा म्हणून डिसेंबरमध्ये शहरातल्या लोकांनी साखळी उपोषण केलं, कित्येक दिवस. तेव्हा कुठे यंत्रं नदीत उतरली. पूर जुलैत, उपोषण डिसेंबरात. तुम्ही नोव्हेंबरातच बंधाऱ्याच्या भरावाचं विचारताय, चांगलं आहे. पुढच्या जूनची गाडी आत्ता पकडावी लागते.

---

दुबईकर_बार्शीचा | १० नोव्हेंबर, सायं. ६:१०

आम्ही इथल्या मराठी मंडळात थोडी रक्कम जमवली आहे. ब्लँकेट्स आणि शालेय दप्तरं पाठवायचा विचार आहे. कुठे पाठवू?

---

सीनाकाठचा | १० नोव्हेंबर, रात्री ८:०१

दादा, वाईट वाटून घेऊ नका, ब्लँकेटं पुरे झाली. घरात माणसं पाच आणि ब्लँकेटं चौदा. दप्तरंही आली. खरंच द्यायचं असेल तर डिझेल द्या, पोकलेनच्या तासाचं भाडं द्या. मोटारी वाहून गेल्यात, स्टार्टर, केबल गेली, ते द्या. फोटोत चांगलं दिसत नाही, पण हरभऱ्याला पाणी देता येईल.

---

दुबईकर_बार्शीचा | १० नोव्हेंबर, रात्री ८:१६

फोटोचं बोललात ते लागलं, पण ठीक. मंडळात विचारतो. पोकलेनच्या तासाची पावती मिळेल ना? आमच्याकडे हिशेब मागणारे फार.

---

किल्लारी९३ | ११ नोव्हेंबर, सकाळी ९:३३

माझं वय तेव्हा नऊ. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप. आमचं गाव सगळं पडलं आणि लांब नवीन वसलं. तशी ५२ गावं हलवली. जागतिक बँकेचा पैसा आला, राज्यभरातून इंजिनिअर आले, एकसारखी घरं उठली. रुंद रस्ते, मोकळ्या जागा. आमची आई मरेपर्यंत म्हणायची, शेजारीण हाकेच्या टप्प्यात राहिली नाही. गोठा कुठं बांधायचा हे नकाशात कुणी विचारलंच नव्हतं.

पण त्याच कार्यक्रमात दुसरी बाजू होती. जी गावं हलवली नाहीत, जिथं घरं दुरुस्त करायची होती, तिथं गावातल्याच बायका संवाद साहाय्यक म्हणून नेमल्या. त्यांनी घरोघर जाऊन सांगायचं, पैसे कुठल्या टप्प्यावर मिळतात, कोपऱ्याला बांधणी कशी करायची, गवंडी चुकतोय का. माझी मावशी त्यात होती. सातवी शिकलेली बाई इंजिनिअरला म्हणायची, हा दगड आडवा घाला. तिच्या गावात कामं वेळेवर झाली, आणि झाली ती तिच्यामुळं.

धागाकर्त्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर: समिती गावात उतरत नाही. गावातून एखादी बाई किंवा एखादा पोरगा वर चढवावा लागतो, आणि त्याला थोडं मानधन द्यावं लागतं. फुकट्याचा उत्साह तीन आठवडे टिकतो.

---

कोचीत_राहणारी_साताऱ्याची | ११ नोव्हेंबर, दुपारी १:५०

२०१८ च्या पुरात इथे होते. केरळने केलेली एक गोष्ट मला फार आवडली: कागदपत्रांसाठी अदालती भरवल्या. रेशन कार्ड, सातबाऱ्यासारखे उतारे, दाखले, सगळ्या खात्यांची टेबलं एकाच मंडपात. भिजलेला कागद घेऊन जायचं आणि नवा घेऊन यायचं. शिवाय कुडुंबश्री या तिथल्या सरकारी महिला योजनेच्या बचत गटांतून बायकांना घरसामानासाठी लाखापर्यंत बिनव्याजी कर्ज मिळालं. आपल्याकडे बचत गटांचं जाळं काही कमी नाही.

सगळं गोड झालं असं नाही. पडक्या घराचे ‘किती टक्के पडलं’ यावरून इथेही भांडणं झाली. माझ्या घरमालकांचं घर ५९ टक्क्यांवर अडकलं होतं. ६० ला वरचा गट लागत होता. भिंत ढकलून पाडावी का, असा गंभीर विचार चालला होता घरात.

---

निवृत्त_अव्वल_कारकून | ११ नोव्हेंबर, दुपारी ४:२०

टक्क्यांचे अगदी खरे. आमच्याकडेही ‘अंशतः’ आणि ‘पूर्णतः’ या दोन शब्दांवर माणसे वर्षानुवर्षे हेलपाटे घालतात.

रोजगार हमीच्या ३ लाखांबद्दल राहिले होते. ती रक्कम खात्यावर येणार नाही, ते काम आहे. जॉब कार्ड हवे, ग्रामसभेच्या ठरावात काम हवे, अंदाजपत्रक हवे, मग मस्टर (मजुरांचा हजेरीपट) निघते. मजुरी आणि सामग्री यांचे प्रमाण ६०:४० राखावे लागते, आणि माती भरणे हे यंत्राचे काम. खरी अडचण इथे आहे. वाट अशी काढतात की बांधबंदिस्ती, दगड वेचणे, पाणी काढायचे चर ही मजुरीची कामे त्याच आराखड्यात घालायची. धरण-तलावातला गाळ हवा असेल तर ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत स्वामित्वधन लागत नाही. तुमच्याकडे मात्र गाळ शेजाऱ्याच्याच रानात आहे, हे भाग्य समजा.

शेवटचे, आणि हेच सर्वांत जास्त नडते: सामाईक खाते. सातबाऱ्यावर चार भाऊ, एक पुण्याला, एक वारलेला. वारस नोंद नाही, संमतिपत्र नाही, म्हणून चौघांचेही पैसे अडकतात. ज्यांची अ‍ॅग्रिस्टॅकला (शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदीत) नोंद आहे त्यांना यंदा ई-केवायसीतून मोकळीक आहे. बाकीच्यांनी विशिष्ट क्रमांक घेऊन केंद्रावर अंगठा द्यावाच लागतो. वहीत यासाठी एक रकाना ठेवा: ‘पैसे का अडले’. चार कारणांच्या पलीकडे पाचवे सापडणार नाही.

---

पंचगंगेकाठी | ११ नोव्हेंबर, सायं. ५:००

पाचवं कारण सांगतो साहेब. आमच्यात एकाच्या खात्यावर आले पैसे, बँकेनं जुन्या कर्जात वळते करून घेतले. लिहा वहीत.

---

निवृत्त_अव्वल_कारकून | ११ नोव्हेंबर, सायं. ५:१२

हार मानली.

---

सीनाकाठचा | १७ नोव्हेंबर, रात्री १०:०८

आठवडाभर गायब होतो, त्याचं कारण चांगलं आहे.

वही घातली. माझी पुतणी बी.एस्सी. शिकते, सुट्टीला आली होती, तिला धरलं. तिनं २१४ घरं चार दिवसांत फिरून पूर्ण केली. किल्लारीच्या दादांचं वाचून ग्रामपंचायतीत मानधनाचं बोललो, सरपंच म्हणाले बघू. बघूचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून आम्ही दहा जणांनी वर्गणी काढली. दुबईकरांच्या मंडळानं पोकलेनचे वीस तास दिले. पावती पक्की, जीएसटीसकट.

पंचनाम्याची प्रत मिळाली. साहेबांनी म्हटल्याप्रमाणं माझ्या गटासमोर ‘सोयाबीन, १०० टक्के’ एवढंच. जमिनीचा उल्लेख नाही. अण्णांच्या गटालाही तेच. गावात असे ६३ गट निघाले. वहीतली यादी घेऊन तहसीलला गेलो, एकटा नाही, ट्रॉली भरून. परवा तलाठी आणि कृषी सहायक दोघं एकाच मोटारसायकलवर बसून आले. हे मी पहिल्यांदा बघितलं. टेप लावली. अण्णांच्या रानात सात इंच, बांधाकडं नऊ. माझ्याकडं मोजायला काय, खड्डाच. कृषी सहायक पोरगा मुरमावर उभा राहून म्हणाला, काका, इथं काळी होती? मी त्याला शेजारच्या बोरीचं झाड दाखवलं. मुळ्या कमरेएवढ्या उघड्या होत्या. त्यानं त्याचाच फोटो घेतला.

मोरीचं: तात्पुरत्या नळ्या टाकून मुरूम भरला, आमचा आम्हीच. ट्रॅक्टर जातो. पोकलेनही रांगत गेलं.

कालपासून माती उचलतोय. पंचनामा झालेल्या रानातूनच, साहेब, काळजी नको. अण्णा स्वतः बांधावर उभे राहून ‘तेवढी नको, माझी पण थोडी हाय त्यात’ म्हणत होते. आता कुणाची किती हे सीनेलाच ठाऊक. ठरलं असं की वरची सात इंच माझी, खालचं त्यांचं, आणि पोकलेनवाल्याला ओळ दिसावी म्हणून पुतणीनं चुन्याच्या खुणा केल्यात.

राहिला बंधाऱ्याचा भराव. तो झाला नाही तर जूनमध्ये हीच माती पुन्हा अण्णांच्या दारात. कार्यालयात अंदाजपत्रक केलंय म्हणतात, मंजुरी वर आहे. पंचगंगेकाठी, तुमच्याकडं कोल्हापुरी बंधारे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत. भरावाला दगडी पिचिंग किती फुटांपर्यंत करतात, आणि बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) काढायला उशीर झाला तर जबाबदार कोण असतं तुमच्यात? तेवढं लिहा. २४ तारखेला ग्रामसभा आहे.

---

पंचगंगेकाठी | १७ नोव्हेंबर, रात्री १०:४१

बर्ग्याचं फोनवर सांगण्यासारखं आहे, हितं नको. पिचिंगचं उद्या आमच्या पाणीपट्टीवाल्या आप्पांना विचारून आकडा टाकतो. आणि चुन्याच्या खुणांचा फोटो टाका की राव.